तीर महिन्यातला पूर

मुन्शीजींना चहा द्यायचा तर आधी वाचन संपावं लागे. जुना कागद उघडा असताना टेबलावर कपबशी आलेली त्यांना खपत नसे. "मेलेल्या माणसांपुढं भुरके मारू न्हाईत," म्हणायचे. मग वाचून व्हायचं, बस्ता बांधला जायचा, गाठ दोनदा ओढून बघितली जायची, आणि त्याच टेबलाशी बशी ओठाला लावून ते असा भुरका मारायचे की पलीकडच्या खोलीत अव्वल कारकुनांचं पेन जागच्या जागी थांबायचं.

ही हिंगोलीच्या तहसील कचेरीतली गोष्ट. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांची होते आणि तिथं कनिष्ठ कारकून म्हणून नुकती लागले होते. डोंगरकड्याच्या आमच्या बौद्धवस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली पोरगी. वस्तीनं हार घातला, बापानं भाषण केलं, आणि माझ्या डोक्यात अशी हवा गेली की हिंगोलीला जाताना एसटीच्या कंडक्टरलाही मी माझा हुद्दा सांगितला. तो म्हणाला, "मग सुट्टे द्या."

आता नातवंडं माझा त्या वेळचा फोटो बघून म्हणतात, आजी, तू किती हुशार दिसायचीस. दिसायचेच. फोटोत तेवढंच येतं.

कचेरीच्या मागच्या अंगाला दप्तरखाना होता. निजामाच्या काळातले लाल फडक्यात बांधलेले बस्ते तिथं छतापर्यंत रचलेले. आत सगळा मजकूर उर्दूत. नव्या कारकुनांपैकी कुणालाही त्यातलं अक्षर लागत नसे. आणि जमिनीच्या, विहिरीच्या, बांधाच्या भांडणात लोकांना तर जुन्याच कागदाची नक्कल हवी असे. म्हणून मुन्शीजी. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. ते मोठ्यानं वाचत, तिथल्या तिथं मराठी करून सांगत, आणि मी लिहीत असे. त्यांची कचेरीत नेमणूक नव्हती. मोबदला एकच ठरलेला होता: रोज दुपारी कचेरी जेवायला बसली की तासभर त्यांनी हवा तो बस्ता उघडून बघायचा. त्या तासात ते आपला बाप शोधत.

बाप हरकारा होता. म्हणजे टपालाची थैली पाठीवर आणि घुंगरू लावलेली काठी हातात घेऊन पायी पळणारा. हिंगोली ते औंढा नागनाथ, एक दिवस जायचं, एक दिवस यायचं. मुन्शीजी सहा वर्षांचे असताना, नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा तो थैली घेऊन निघाला आणि औंढ्याला पोचलाच नाही. कयाधूला त्या दिवशी पाणी होतं. काही लोक म्हणाले, वाहून गेला. बहुतेक लोक म्हणाले, थैली घेऊन पळाला. पोलिसांनी मुन्शीजींच्या आईला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, चुलीपुढं बसली, आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

हे सांगताना मुन्शीजी नेहमी थांबत. "प्रेत न्हाई, खबर न्हाई, आन् मायनं कुंकू पुसलं," म्हणत. "पुसलं न्हाई तर तो जित्ता. जित्ता म्हंजी चोर. तिनं त्याला चोर होऊ दिलं न्हाई."

आडावरच्या बाया म्हणत, नवरा जित्ता असून कपाळ पांढरं करून बसली. ती ऐकून घागर भरून घरी येई. ती मरेपर्यंत तशीच राहिली, आणि पोरगं 'थैलीवाल्याचं पोरगं' म्हणून शाळेत गेलं, त्याच नावानं मास्तर झालं. आईचं बरोबर होतं हे सांगणारा एक सरकारी कागद, बस, एवढंच त्यांना पाहिजे होतं. बापासाठी शोधतोय असं सगळे समजत. मीही समजत होते. शोधत होते ते आईसाठी.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की ते हैदराबादला जात आणि तिथल्या मोठ्या वाचनालयात जुनी उर्दू वर्तमानपत्रं चाळत बसत. असे कितीतरी उन्हाळे गेल्यावर त्यांना दोन ओळी सापडल्या होत्या. हिंगोलीहून टपाल नेणारा हरकारा लापता, तपास चालू. त्या दोन ओळी त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि भेटेल त्याला वाचून दाखवत. "बगा, लापता लिव्हलंय. फरार न्हाई लिव्हलं. ज्या कुन्या भल्या मान्सानं हे लिव्हलं त्याच्या लेकराबाळाचं भलं व्हवो." पेपरवाल्यासाठी अशी प्रार्थना करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पण त्यांच्या खोडीबद्दल न सांगता पुढं गेले तर ते कुणी दुःखी म्हातारे होते असं वाटेल. हा माणूस बाजाराला डोकेदुखी होता. दप्तरात वाचलेलं ते ज्याचं त्याला नेऊन पोचवत. रस्त्यात कुणा चहावाल्याला अडवून विचारत, "तुमचा आजा बैल हारवला म्हनून कचेरीत आलता. बैल गावला का?" चहावाल्याला आजाही ठाऊक नसे आणि बैलही. मग मुन्शीजी खट्टू होत. "पुढचा कागदच न्हाई. आन् घरच्याला बी म्हाईत न्हाई. म्हंजी तो बैल आजून हारवलेलाच हाय."

एकदा हळदीच्या बाजारातले एक बडे अडते दहा माणसांत सांगत होते, आमच्या आजोबांकडं पांढरा घोडा होता, अख्ख्या तालुक्यात तसा नव्हता. मुन्शीजी शेजारून चालले होते. थांबले.

"होता ना. म्या वाचलंय."

अडते खूश झाले. "बघा. कागदोपत्री आहे."

"व्हय. कळमनुरीच्या एका जमादाराचा हुता. चोरीचा माल म्हनून जप्त झाला. तुमचे आजोबा चार महिने आत हुते."

हळदीच्या पोत्यांवर बसलेले हमाल खाली मुंड्या घालून हसले. अडत्यांनी दुसऱ्या दिवशी तहसीलदारांकडे तक्रार केली. तहसीलदारांनी मुन्शीजींना बोलावून विचारलं, हे असं चारचौघांत सांगता काहून? मुन्शीजी म्हणाले, "साहेब, कागदात हाय ते हाय. त्यांचा आजा मला आवडला. आत ऱ्हाऊन बी घोड्याला चारा मिळतो का म्हनून त्यानं अर्ज केलता. तेबी सांगनार हुतो, त्येंनी सांगूच दिलं न्हाई."

हे वाक्य मी स्वतः ऐकलं. कानानं ऐकलं, डोक्यात गेलं नाही. तेव्हा माझं डोकं भलत्याच कामात होतं. मुन्शीजी मला उर्दू शिकवत होते आणि पंधरा दिवसांत मला वाटायला लागलं की आता मला येतं. कचेरीच्या पायरीवर बसून ते निजामाच्या सालातले महिने म्हणून घेत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी... मी बारा महिने पाढ्यासारखे घडाघडा म्हणून दाखवले. त्यांनी शाबासकी दिली, आणि हे साल कुठून सुरू होतं ते सांगायला लागले. पण तेवढ्यात समोरून नव्या सिनेमाची दवंडी पिटणारा टांगा गेला. मी टांग्याकडे बघून मान हलवली.

दर श्रावणात, नागपंचमी झाल्यावर दोन दिवसांनी, ते बापाच्या वाटेनं औंढ्याला पायी जात. त्या वर्षी मीही म्हणाले, येते. मला नागनाथाचं देऊळ बघायचं होतं आणि माझ्या अंदाजानं औंढा अगदी जवळ होतं. मुन्शीजी चालत नसत, दुडकत. पाय उचलून, हात कोपरात वाकवून, हरकाऱ्यासारखे. कयाधूच्या काठाशी थांबून त्यांनी पाण्याला हात जोडले आणि पुन्हा दुडकी धरली. मी नव्या चपला घातल्या होत्या. अर्ध्या वाटेत मी एका निंबाखाली बसले आणि मागून आलेल्या एसटीला हात केला. मुन्शीजींच्या बाजूनं गाडी गेली तेव्हा मी खिडकीतून त्यांना टाटा केला. कसली निर्लज्ज पोरगी.

संध्याकाळी ते देवळाच्या आवारात पोचले. मी तोवर पेढे खाऊन बसले होते. पायरीवर टेकून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "वाटंत गावं किती, तांडे किती, बगितलं ना? रानात मानसं. हातात घुंगराची काठी. पळनारा मानूस कुनाला तरी दिसला आस्ता, का न्हाई?"

"दिसला असता," मी म्हणाले.

त्यांनी पायातली एक चप्पल काढून झटकली. मग हळूच म्हणाले, "पन काठी फेकून दिली आसंल तर न्हाई दिसायचा."

त्यांना शंका होती. साठी ओलांडलेल्या त्या माणसानं ती माझ्यापुढं पायरीवर काढून ठेवली होती. मी त्यांना पेढा दिला.

थंडीत दप्तरखान्यात निवड सुरू झाली. जुन्या कागदांचे चार वर्ग करायचे: अ, ब, क, ड. 'अ' कायम ठेवायचा, 'ड' जाळायचा. उर्दू थोडं वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मला फार महत्त्व आलं होतं. मुन्शीजींना ताप होता, आठवडाभर ते येणार नव्हते. पोलिसांकडच्या एका बस्त्यात मला एक बारकी मिसल, म्हणजे एका प्रकरणाची फाईल, लागली. वर हरकारा हा शब्द. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. नाव तेच होतं.

आत दोनच कागद. एका गुराख्यानं जबानी दिली होती की हा माणूस थैली घेऊन औंढ्याकडे न जाता उत्तरेला, वऱ्हाडच्या वाटेला लागलेला त्यानं पाहिला. दुसरं पत्र वऱ्हाडातल्या पोलिसांचं, इंग्रजीतलं, त्याला उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, जोडलेला. या वर्णनाचा इसम वाशीमच्या धर्मशाळेत पटकीनं मेला. जवळ फोडलेली टपालथैली सापडली. घरातून निघाल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

मी मिसल मिटली आणि ठरवलं की मुन्शीजींना हे सोसणार नाही. बावीस वर्षांच्या पोरीनं, नव्या चपला चावतात म्हणून एसटी पकडणाऱ्या पोरीनं, हे ठरवलं. अडत्याला भर बाजारात घोडा सांगणारा माणूस, आणि त्याला काय सोसेल ते मी ठरवणार. फोडलेली थैली तेवढी मला दिसली. त्याच कागदात पुढं मरणाची खबर होती, ती मी वाचली पण मोजली नाही. आईनं कुंकू पुसलं ते काही दिवस आधी पुसलं असेल, चुकीचं नव्हतं पुसलं. एवढं तरी त्या कागदात होतं. त्यांना कदाचित तेवढं पुरलं असतं.

मी ती मिसल 'ड' वर्गात बांधली.

'ड' वर्ग कचेरीच्या मागच्या आवारात जाळला तो दिवस फार गार होता. शिपाई, चौकीदार, सगळे कोंडाळं करून शेकत होते. मुन्शीजी त्याच दिवशी तापातून उठून आले होते. तेही पुढं झाले आणि कानटोपी नीट करून दोन्ही हात आगीवर धरले. मी खिडकीत उभी होते. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या रडण्याचं मला कौतुकही वाटलं.

त्यानंतर मी घरी बसून एक नक्कल तयार केली. मराठीत, कचेरीच्या वळणाची, "तर्जुमा" असं वर लिहून. नदीकाठच्या एका पाटलाचा अहवाल: सरकारी टपाल घेऊन जाणारा हरकारा कयाधूच्या पुरात उतरला, लोकांनी अडवलं तरी टपालाला उशीर होतो म्हणून थांबला नाही, थैलीसह वाहून गेला. वाचून माझ्या अंगावर काटा आला. तारीख पाहिजे होती. खऱ्या मिसलीवरची तारीख उतरवून घ्यायची बुद्धी मला झाली नव्हती आणि मिसल तर राख झालेली. श्रावण म्हणजे ऑगस्ट, ऑगस्ट म्हणजे आठवा महिना. मी बोटं मोजली. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुरदाद, तीर. आठवा तीर. लिहिलं: माहे तीर.

मुन्शीजींना कागद दिला तेव्हा सांगितलं की मूळ मिसल परभणीला मागवून घेतली, जाण्याआधी मी घाईत उतरवलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग टोपी काढली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, मधोमध टक्कल होतं.

"थैलीबी व्हाऊन गेली म्हंता," ते म्हणाले.

"तसं लिहिलंय."

"लिव्हलंय." त्यांनी घडी घातली. "अक्षर लई सुरेख हाय तुमचं."

त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत. माणूस सुखानं भरून आला की असंच होत असावं, असं मी समजले आणि स्टँडवर जाऊन एकटीनं पावशेर जिलबी खाल्ली.

पुढं ते रोज येत, वाचत, सांगत. फक्त दुपारचा आपला तास त्यांनी सोडला. कचेरी जेवायला बसली की तेही उठून घरी जात. मला वाटलं, शोध संपला, म्हातारा निवांत झाला. अव्वल कारकुनांना मी तसं सांगितलंही.

उन्हाळ्यात औंढ्याकडचा एक शेतकरी विहिरीच्या भांडणाची जुनी मिसल काढायला आला. मुन्शीजी वाचत होते, मी लिहीत होते. "माहे तीर," त्यांनी वाचलं.

"तीर म्हंजी कंचा म्हैना जी?" शेतकऱ्यानं विचारलं.

"हाच, आत्ता चालू हाय त्यो. वैशाख सरता सरता लागतो. निजामाचं साल दसऱ्याच्या सुमारास उघडायचं, तितून आठवा." मुन्शीजी त्याच्याकडेच बघून सांगत होते. "आपल्या विहिरीला पानी न्हवतं आसं तुमचा आजा म्हंतो ते बराबर हाय. तीरमधी कयाधू बी ठनठनीत कोरडी आसती. लेकरं पात्रात झिरे खांदून वाटीवाटीनं पानी भरतेत."

माझं पेन थांबलं. त्यांनी पुढची ओळ वाचली. मग मी लिहीत नाही हे बघून तीच ओळ परत वाचली.

शेतकरी गेला. शिपाई चहा घेऊन आला, ठेवून गेला. मी म्हणाले, "मुन्शीजी, तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच टायमाला."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तुमी एवढं मन लावून लिव्हलं हुतं." त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्यायले नाहीत. "बाई, मी जलमभर कागद वाचून राह्यलो. खोटा कागद कुनी उगं करत न्हाई. खरा कागद नडतो तवाच खोटा करावा लागतो. तुमचा कागद वाचला आन् मला समजलं, खरा तुमाला गावला. आन् त्येच्यात काय आसंल ते बी समजलं."

मला तोंड वर करवेना. ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवायला मी तो कागद लिहिला, ती गोष्ट त्यांना माझ्याच कागदानं सांगितली होती. तीही अर्धीच: थैली घेऊन पळाल्याची, मरणाची नाही.

"मी इचारनार न्हाई काय हुतं म्हनून," ते म्हणाले. "येकच सांगा. मायनं कुंकू पुसलं. मंग तो किती वर्सं जित्ता हुता?"

"वर्षं नाही, मुन्शीजी. महिनाभरसुद्धा नाही. वाशीमच्या धर्मशाळेत पटकीनं गेले. तिथल्या पोलिसांचं पत्र होतं. त्यांची आई खरंच..." मी चुकले, "तुमची आई खरंच विधवा होती. सगळा जन्म."

"पत्र हुतं."

"होतं. इंग्रजीत. तर्जुमा जोडलेला होता."

"कुटं हाय?"

मी सांगितलं. कुठल्या दिवशी जाळलं तेही सांगितलं. त्या दिवशी आगीभोवती कोण कोण होतं ते मी बोलले नाही. त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती. ज्या लेकरानं फुटक्या पाटीवर चित्र काढून आणलंय त्याच्याकडे मास्तर बघतो तशी.

"तुमी मनानं लई चांगल्या हाव, बाई," ते म्हणाले. "पयल्यापरीस हे बरं जमलंय."

मी शपथ घेतली. धम्माची घेतली, बापाची घेतली. ते मान हलवत राहिले, हो हो म्हणत राहिले, चहा निवून गेला होता तो तसाच पिऊन टाकला आणि चपला घालून पायऱ्या उतरले.

मी पुढं दोनदा वाशीमला जाऊन आले. धर्मशाळेच्या जागी दुकानं झाली होती. पटकीच्या त्या काळातल्या नोंदी तिथं कुणाला माहीत नव्हत्या. रिकाम्या हातांनी परत येऊन मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गेले होते हेही त्यांनी तसंच, मायेनं, ऐकून घेतलं असतं.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते नेहमीसारखे अकराला आले होते. तीन नकला द्यायच्या होत्या. त्यांनी वाचलं, मी लिहिलं. लिहून झाल्यावर मी कागद सहीला न्यायला उठले तर म्हणाले, "जरा थांबा." चष्मा पुसला, माझा कागद मूळ कागदाच्या शेजारी ठेवला, आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवून ताडून बघायला लागले. इतके दिवस कधी बघितलं नव्हतं. मग जोवर ते येत होते, तोवर रोज बघत राहिले, एकेक ओळ, आणि मी शेजारी उभी राहायची.